हॉल खाली आहे का? थांबा, चक्र फिरतंय

मंगल कार्यालयांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलंय ना भो, मग एक ध्यानात ठेवा, ते फास्ट होऊ द्यायचं नाही. आखाजीला हॉल खाली आहे का, याचं उत्तर टिचकीसरशी आलं तर मालक म्हणेल यात काय एवढं, न् पेमेंटला लटकवेल.

सुरुवात डेटाबेसमधल्या टेबलापासूनच, म्हणजे नोंदींच्या तक्त्यापासूनच करा. एका बुकिंगची एक ओळ, तिच्यात सुरू कधी न् संपणार कधी, एवढंच ठेवणं म्हणजे अगदीच गरिबी. आपण दर मिनिटाची ओळ ठेवायची. १२ हॉल, दिवसाची १४४० मिनिटं, वर्षाला ६३,०७,२०० ओळी, न् अजून एक लग्न लागलेलं नाही.

आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न. जाणकार सांगतील की दोन अटींत काम होतं, जुनं बुकिंग नव्याच्या शेवटाआधी सुरू होतं का आणि नव्याच्या सुरुवातीनंतर संपतं का, दोन्ही खरं असेल तर हॉल अडकलेला, नाहीतर मोकळा. इतकं सोपं लिहिलं तर आपल्याला इंजिनिअर कोण म्हणेल? आपण बिटवीन लावायचं, म्हणजे ‘या दोन वेळांच्या मधे येतं का’ ही अट. नव्याची सुरुवात जुन्यात पडते का, शेवट जुन्यात पडतो का, बस. मग शनिवारी संध्याकाळी ६ ते ९ कोणाची तरी हळद आहे न् भुसावळची पार्टी शनिवार दुपारी १२ पासून रविवार रात्री १० पर्यंत हॉल मागतेय, तर सुरुवात पण हळदीच्या बाहेर, शेवट पण बाहेर, हळद मधल्यामधे गडप, आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरात येतं, हॉल उपलब्ध. घ्या इसार.

हॉल नंबर आणि सुरुवातीची वेळ यांच्यावर कोणी शहाण्यानं इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकून ठेवला असेल तर घाबरू नका, क्वेरीत त्या वेळेला नुसती तारीख काढणाऱ्या डेट फंक्शनमध्ये गुंडाळा, साधा इंडेक्स मुकाट बाजूला बसतो. नाहीतर आजवरची सगळी बुकिंगं, मोडलेल्या लग्नांसकट, मेमरीत ओढा न् लूप फिरवा. (मॅनेजरच्या ड्रॉवरमधल्या रजिस्टरकडे बघू नका, हॉलवार पान, तारखेवार ओळ, पक्कं पेननं, कच्चं पेन्सिलनं, तो बोट फिरवतो न् सांगतो, आपला मूड जातो.) एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) तर चुकूनही चालवू नका, तिथं सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल ओळीनं चाळलं, असं स्वच्छ लिहून येतं.

पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांनी २०१० ला ९.० आवृत्तीत एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांना भिडणाऱ्या ओळी नकोत हा नियम) दिलं, २०१२ ला ९.२ मध्ये रेंज टाइप (सुरुवात ते शेवट एकाच रकान्यात) दिले. दोन्ही जोडले की त्याच हॉलला वेळेवर वेळ चढवणारी दुसरी ओळ डेटाबेस स्वतःच परत पाठवतो, वर त्या नियमामागच्या जिस्ट नावाच्या इंडेक्सवर शोधही पटकन होतो, न् ४ ला संपणारं नि ४ ला सुरू होणारं भांडत पण नाहीत. म्हणजे भानगडच संपली, असलं काही आपल्याला परवडणारं नाही. आपण आधी सिलेक्ट मारायचा (बघायचं), हॉल खाली दिसला की मग इन्सर्ट (नोंद टाकायची), आणि त्या मधल्या अर्ध्या सेकंदात जळगावच्या न् पाचोऱ्याच्या ऑफिसातून दोघांनी बटण दाबलं तर दोघांनाही हॉल द्यायचा, पावतीसकट, एसेमेससकट.

मग गेटवर दोन बँड समोरासमोर उभे राहतात न् दोन्ही नवरदेवांचे मामा ज्याची त्याची पावती दाखवतात. तोपर्यंत वरण-बट्टी न् घोटलेल्या वांग्यावर हात मारून घ्या, मागच्या दारानं निघा, न् फोन सोमवारी चालू करा.