खेळातल्या प्रेमाला खोटं म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: व्हिडिओ गेममधलं प्रेम खोटं, त्यात पोरगी म्हणजे शेवटी मिळणारं बक्षीस, भेटवस्तू दिल्या की होकार ठरलेला, असल्या खेळांनी गावातले पोट्टे लग्नाच्या कामाचे राहिले नाहीत, आणि हे आपल्या मातीतलं नाहीच.

माझं पाच एकर वावर आहे. पऱ्हाटी, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा. हरभऱ्यात डुकरं शिरू नयेत म्हणून हिवाळाभर मचाणावर जागल करावी लागते. यातले काही खेळ मी अमरावतीला शिकायला असताना मित्राच्या रूमवर खेळलो, एक त्या मचाणावर. म्हणून उत्तर देतोय.

पोरगी बक्षीस असते, हे एके काळी खरं होतं. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये राजकन्या अखेरच्या किल्ल्यात बसून असते आणि मारिओ तिच्यापर्यंत पोचला की खेळ संपतो. पण २०१५ च्या ‘विचर ३’मधली जादूगारीण येनेफर बघा. एका जिन्नाकडे मागितलेल्या इच्छेने ती आणि खेळाचा नायक गेराल्ट एकमेकांना बांधले गेलेत. आपलं प्रेम आपलं आहे की त्या जादूचं, हा प्रश्न तिलाच सतावतो. म्हणून ती दुसरा जिन्न शोधते आणि ते बंधन तोडायला लावते. मग डोंगरमाथ्यावर अडकलेल्या एका फुटक्या जहाजावर दोघं बसतात. तिचं मन बदललेलं नसतं. गेराल्टचं उत्तर मात्र खेळणाऱ्याने द्यायचं, आणि ‘आता काही वाटत नाही’ असंही देता येतं. त्याच खेळात येनेफर आणि दुसरी जादूगारीण ट्रिस या दोघींनाही शब्द देऊन बसलात, तर दोघी मिळून गेराल्टला पलंगाला बांधून निघून जातात. यात बक्षीस कुठे आहे?

दुसरा, भेटवस्तूंचा मुद्दा मला जास्त लागला, कारण तो अर्धा खरा आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ चा खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. आजोबांचं पडीक वावर नातवाकडे येतं आणि तो शहरातली नोकरी सोडून गावात राहायला जातो. गावातल्या कुणालाही आठवड्यातून दोनदा काही देता येतं, तशी जवळीक दाखवणारी हृदयाची चिन्हं भरत जातात. आठ भरली की फुलांचा गुच्छ द्यायचा, दहा भरली की लग्नाचं विचारायचं. हिशोब आहे, नाकारत नाही.

पण त्यातली पेनी. ती गावातल्या दोन लहान मुलांना शिकवते, आईसोबत जुनाट ट्रेलरमध्ये राहते, आणि आईची संध्याकाळ दारूच्या दुकानात जाते. पेनीला खरबूज दिलं की ती खुलते. बिअर दिली तर तिला तिटकारा येतो. का, ते तिच्या घरात पाय ठेवला की कळतं. मी तिला पहिल्यांदा बिअरच दिली होती, सहज मिळत होती म्हणून. तिचं उत्तर वाचलं आणि फोन पालथा ठेवून कितीतरी वेळ नुसताच बसून राहिलो. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत. त्या घरांतल्या पोरींना लहानपणापासून पाहतोय.

आमच्याकडे पोरगी पाहायला गेलं की नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारतात. पोहे संपेस्तोवर बैठक उरकते. तुला काय नकोसं वाटतं, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. पेनीच्या त्या रात्रीनंतर बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘खर्ऱ्याचा वास.’ लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

तिसऱ्या, पोट्ट्यांच्या लग्नाच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. आमच्या गावात तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी असला एकही खेळ पाहिलेला नाही. पोरीचा बाप आधी नोकरी विचारतो, मग ओलीत किती ते विचारतो. कापसाच्या भावाचं खापर मोबाइलवर फोडू नका.

राहिली आपली माती. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ अमेरिकेतला, घोड्या-बंदुकांचा खेळ, २०१८ चा. त्याच्या शेवटच्या भागात, १९०७ साली, एकेकाळचा दरोडेखोर जॉन मार्स्टन याला बंदूक सुटत नाही म्हणून त्याच्या पोराची आई ॲबिगेल पोराला घेऊन त्याला सोडून जाते. जॉन काय करतो? बँकेचं कर्ज काढून जमिनीचा तुकडा घेतो. स्वतः खपून घर उभं करतो, आणि खिळे ठोकायचं काम खेळणाऱ्याच्या हातात येतं. घर झाल्यावर ती परत येते. मग तो तिला शहरात नेतो, स्टुडिओत दोघांचा फोटो काढून घेतो आणि होडीत बसवून अंगठी देतो. तोवर पोरगा चांगला मोठा झालेला असतो.

आमच्या घरी आई-बाबांचा जोडीचा एकच फोटो आहे. मागे रंगवलेला पडदा, बाबांच्या अंगात मामाचा कोट. सोसायटीचं कर्ज फिटलं त्या वर्षी बाबा तिला तालुक्याला घेऊन गेले होते. मी तेव्हा पाचवीत होतो.