होळकरांची खासगी

'प्रायव्हेट' म्हटलं की आपल्याला आधी बंद दार दिसतं. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ मात्र 'ज्याच्याकडे राज्याचं पद नाही असा माणूस', आणि त्याच्याही मुळाशी आहे हिरावून घेणं, वंचित करणं. ब्रिटिश फौजेत बिनहुद्द्याच्या शिपायाला आजही प्रायव्हेटच म्हणतात.

आपला 'खासगी' अरबी 'खास'वरून, फारसीच्या वाटेने आला. आम ते सगळ्यांचं, खास ते निवडक, राखून ठेवलेलं. पण आम्हा इंदूरकरांना खासगी म्हटल्यावर आधी अहिल्याबाई आठवायला हव्यात.

होळकरांकडे दोन हिशेब वेगळे असत. दौलत राज्याची: फौजफाटा, कारभार तिच्यातून. खासगी राणीची. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी स्वतंत्र जहागीर दिली, तिथून ती सुरू झाली आणि पुढे अहिल्याबाईंकडे आली. बाईंनी काय केलं? तुळशीपत्र ठेवून ती धर्मादायाला वाहिली, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. काशी, गया, सोमनाथ, हरिद्वार, कुठे देऊळ, कुठे घाट, कुठे अन्नछत्र. महेश्वरच्या घाटावर उतरताना पायऱ्यांच्या कडेची छोटी शिवलिंगं बघा. पहाटे तिथे धुणं बडवणाऱ्या बाईला कुणी हटकत नाही. राणीच्या खासगीचा हा अर्थ मला फार मोठा वाटतो. पैसा स्वतःचा, हिशेब चोख वेगळा, आणि घाट कुणालाही मोकळा.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतलं प्रकरण मनाला लागतं. ही धर्मादाय मालमत्ता सांभाळायला १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट झाला. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या मालमत्तेच्या विक्रीवरून वाद पेटला आणि पार सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की या ट्रस्टला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो, नोंदणी करावीच लागेल. नावात खासगी, कायद्याने सार्वजनिक. मला तरी यात विसंगती दिसत नाही. बाईंनी स्वतःच ते लोकांना देऊन टाकलं होतं.

आता इंदूरच्या मराठी मंडळांनी एक काम हाती घ्यावं. जयंतीला पालखी निघते, भाषणं होतात, छानच. त्याच दिवशी राजवाड्यासमोर खासगीच्या सगळ्या घाटांची, देवळांची, धर्मशाळांची यादी लावा. कोणती कुठे आहे, आज ताबा कोणाचा, दुरुस्तीला पैसे कुठून येतात, सगळं त्यात हवं. मराठीत आणि हिंदीत. टाइप करायला मी बसते, कागद तुम्ही जमवा.