ग्रंथपालहो, कंपनीच्या नादी लागू नका

वाचनालयात कादंबरी मागायला येणारा माणूस निरुपद्रवी असतो. दिवाळी अंकवाला जरा चिडखोर असतो, स्पर्धा परीक्षावाला पंख्याखालची जागा सोडत नाही, पण ही मंडळी आपल्या ओळखीची असतात. जपून राहायचं ते हातात व्हिजिटिंग कार्ड घेऊन येणाऱ्यापासून. "मॅडम, ह्या कंपनीची काय माहिती मिळंल का ओ?" असं त्याने विचारलं की चारचा चहा गार झालाच म्हणून समजा.

तुम्ही मराठी साहित्यात एम.ए., वर ग्रंथालयशास्त्राची पदवी. ताळेबंद शेवटचा पाहिलात तो वाचनालयाच्याच वार्षिक सभेत, आणि तोही सभासदांनी न उघडता एकमताने मंजूर केला. तेव्हा धंद्यातलं आपल्याला काय कळतं, हे वाक्य आधी पाठ करून ठेवा. बाकी सगळं त्याच्या आधाराने निभावतं.

पहिली गोष्ट म्हणजे, माहिती कशाला हवी हे चुकूनही विचारायचं नाही. विचारलंत तर तो सांगून टाकेल. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात त्याचे चार माग आहेत, सुरतेच्या एका पार्टीने टॉवेलची मोठी ऑर्डर दिलीय, माल आधी आणि पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे त्याला कंपनीचा इतिहास नको आहे, पैसे बुडतील की येतील एवढंच हवं आहे. हे एकदा कानावर पडलं की मग माणसाला झोप लागत नाही. त्यापेक्षा ड्युई वर्गीकरणातल्या 650 च्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या कपाटातून ‘यशस्वी उद्योजक व्हा’ छापाचं एखादं पुस्तक काढा, तारखेचा शिक्का मारा आणि द्या. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 सालीच सांगून ठेवलंय. त्याला मिळालं.

तो तरी बसूनच राहिला, तर गुगल उघडा. पहिलं जे दिसेल ते छापा. बहुधा ते त्या पार्टीचं स्वतःचंच संकेतस्थळ असेल, त्यावर हस्तांदोलन करणारे दोन परदेशी हात आणि ‘विश्वासाची परंपरा’ असं काहीतरी. तीन पानं रंगीत काढा. रंगीत कागद पाहून माणसाचं समाधान होतं.

मात्र त्याने पिशवीतून त्या पार्टीचं जुनं बिल काढलं, तर नजर दुसरीकडे वळवा. बिलाच्या डोक्यावर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो आणि तो वाचता येतो, हीच त्याची अडचण आहे. पहिले दोन आकडे राज्याचे. 27 म्हणजे आपण, 24 म्हणजे गुजरात. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या क्रमांकातलं सहावं, सांगून टाकतं की समोर कोण आहे. सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी पेढी, एच असेल तर अविभक्त कुटुंब, आणि पी असेल तर एकटा माणूस. कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘अमुक अँड कंपनी’ आणि बिलावर सहावं अक्षर पी! असं असलं तर कंपनी कायद्याखाली शोधायला काही उरतच नाही. हा शोध ग्रंथपालाने बसल्या जागी, बोट ठेवून लावला, हे बाहेर कळलं तर उद्या अख्खी साखर पेठ बिलं घेऊन दारात उभी राहील.

त्याहून वाईट म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता, फुकट, तो क्रमांक टाकून बघता येतो. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, विवरणपत्रं वेळेवर भरतोय की मधले महिने गायब, सगळं दिसतं. मागवाल्याला नेमकं तेवढंच हवं होतं. पण कॅप्चा कोण भरणार? "साईट डाऊन आहे" म्हणा. हे वाक्य इतक्या वेळा खरं असतं की तुम्ही म्हणालात तर कोणी शंका घेणार नाही.

आता समजा, ती खरोखरच कंपनी निघाली. मग तिला 21 अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो. तुम्ही आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर वर्गांक चिकटवलेत, 891.46 म्हटलं की मराठी साहित्याचं कपाट तुम्हाला झोपेतही सापडतं. तरीही सीआयएन पाहून दचकायचं. पहिलं अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नसलेली. मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं साल, प्रकाराची तीन अक्षरं आणि शेवटी नोंदणीचे सहा आकडे. ‘1965 पासून आपल्या सेवेत’ असं पाटीवर लिहिलेल्या कंपनीच्या क्रमांकात 2019 दिसलं, तर मध्येच कधीतरी धंद्याचं कंपनीत रूपांतर झालं असेल, किंवा पाटी रंगवणाऱ्याचा हात सढळ असेल. आपण त्यात पडू नये.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीची मूळ माहिती फुकट मिळते. तिथे दोन रकमा दिसतील: अधिकृत भांडवल आणि भरणा झालेलं भांडवल. त्यातली मोठी निवडा. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते याची नुसती मर्यादा, त्यातला एक रुपयाही आत आलेला असेलच असं नाही. पण ‘दहा कोटी’ म्हणताना जो आवाज लागतो तो ‘एक लाख’ म्हणताना लागत नाही. वाचकाला मोठा आकडा सांगा, त्यालाही बरं वाटेल. तिथेच खाली, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढवलेला असतो तशी कंपनीच्या मालमत्तेवर कुठल्या बँकेचा किती बोजा आहे याची यादी असते. तिथवर स्क्रोल करू नका. शंभर रुपये भरले की दाखल केलेले ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रंही उघडतात, पण हे शंभर रुपये कुठल्या खर्चाच्या सदरात घालायचे याचा ठराव व्हायला कार्यकारिणीच्या दोन सभा लागतील. तोवर टॉवेल सुरतेला पोचलेले असतील.

शिवाय ते आकडे मार्चअखेरचे असतात. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत, ताळेबंद दाखल व्हायचा त्यापुढे महिनाभरात. दिवाळीच्या सुमारास ‘ताजी माहिती’ म्हणून द्याल ती होळीच्या आसपासची असते. तारीख छापून येऊ नये म्हणून प्रिंट काढताना वरचा समास कापा.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचं काम त्या मानाने फारच सोपं, म्हणून त्यात मजा नाही. आपल्याच गावच्या बालाजी अमाईन्सचा किंवा प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा वार्षिक अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट उतरवता येतो. असा कुठलाही अहवाल हातात आला की अध्यक्षांच्या फोटोपासून वाचायला सुरुवात करा आणि वृक्षारोपणाच्या फोटोपाशी थांबा. मागे लेखापरीक्षकांचा अहवाल, टिपा, संबंधित पक्षांशी केलेले व्यवहार, कोर्टात अडकलेल्या रकमा असं बारीक टाइपातलं काही असतं, ते डोळ्यांना त्रासदायक. तक्त्याच्या कोपऱ्यात ‘रुपये लाखांत’ लिहिलंय की ‘कोटींत’, तेही पाहू नका. एका कंपनीचे लाख आणि दुसरीचे कोटी शेजारी ठेवून तुलना केली की निष्कर्ष फार रंजक निघतात.

खासगी कंपनीचं कुठेच काही सापडत नाही, असं ठासून सांगा. बँकेचं मोठं कर्ज असलेल्या पुष्कळ खासगी कंपन्यांना क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्था पत मानांकन, म्हणजे कर्ज फेडायच्या ऐपतीचे गुण, देतात आणि त्यामागची कारणं दोन-तीन पानांत आपल्या संकेतस्थळावर फुकट लावतात: गिऱ्हाईक किती, उधारी किती दिवसांची, मालक कोण, दुखणं कुठे. कधी कधी तर मानांकनाशेजारी ‘कंपनी सहकार्य करत नाही’ असंही छापलेलं असतं. एवढं साध्या भाषेत लिहिलेलं वाचकाला दिलंत, तर तो उद्या तुम्हाला शेअर कुठला घ्यावा ते विचारेल.

सहकारी साखर कारखाना किंवा पतसंस्था विचारली, तरी मंत्रालयाच्या त्याच पोर्टलवर तासभर शोधा. सापडणार नाही, कारण सहकारी संस्था कंपनी कायद्यात येतच नाही. तिचं दप्तर सहकार खात्याकडे, जिल्ह्याचे उपनिबंधक आपल्या गावातच बसतात, आणि सभासदांना वाटलेला वार्षिक अहवाल तर कुठल्याही सभासदाच्या माळ्यावर मिळेल. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग छापलेला असतो, अ, ब, क, ड. वाचनालयांनाही हेच चार वर्ग लागतात, त्यामुळे तुम्हाला ते एका नजरेत समजेल. म्हणून तर टाळायचं. "अशी कंपनीच नाहीये, ताई" म्हणून मोकळं व्हा. ठेव अडकलेली बाई फार वेळ वाद घालत नाही.

जुन्या मिलचा शेअर दाखला घेऊन एखादे आजोबा आले, तर "मिल बंद पडली, आजोबा" एवढं पुरे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग 1949 साली बंद पडल्यावर सरकारने 1950 च्या जानेवारीत अध्यादेश काढून तिचा कारभार हातात घेतला, एक भागधारक त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, दुसऱ्या खटल्याचा निकाल 1953 च्या डिसेंबरात लागला, आणि आजही कायद्याचे विद्यार्थी देशभर हे दोन निकाल घोकतात. कंपनीची माहिती कोर्टाच्या निकालांतही सापडते आणि तीही सोलापूरचीच, हे आजोबांना सांगितलंत तर ते संध्याकाळपर्यंत उठायचे नाहीत.

आता वाचनालयाच्या हातातला हुकमाचा पत्ता, म्हणजे वर्तमानपत्रं. यांची कात्रणं ठेवायची शिस्त हवी. एखाद्या कारखानदाराच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी निघते, वर ‘शब्दांकन’ असं लिहिलेलं, खाली शुभेच्छुकांच्या जाहिराती. ती काळजीपूर्वक कापून ‘स्थानिक उद्योग’ फाइलला लावा. त्याच अंकात आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत बँकेची ताबा नोटीस असते: कर्जदाराचं नाव, जामीनदार, थकबाकीची रक्कम पैशांसकट, गट नंबर, चतुःसीमा. कायद्याप्रमाणे ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक इथल्या भाषेतलं. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली तर तिचीही जाहीर सूचना अशीच छापून येते. इतकी नेमकी, सहीशिक्क्यानिशी आणि आपल्याच तालुक्यातली माहिती महागड्या डेटाबेसलाही सहज जमायची नाही. ती पानं महिन्याच्या रद्दीत घाला. रद्दीचा भाव बरा चाललाय.

हे सगळं अंगवळणी पडलं की वाचनालयात ‘उद्योग माहिती कक्ष’ सुरू करायला हरकत नाही. वर्ग बदलून घ्यायच्या वेळी तपासणीला तो दाखवता येतो. एक टेबल, एक संगणक, त्यावर प्लास्टिकचं आवरण आणि भिंतीवर फ्लेक्स. उद्घाटनाला कोणाला बोलवायचं हा प्रश्न कार्यकारिणीत निघेलच. तुम्ही ‘स्थानिक उद्योग’ फाइल उघडा, सगळ्यात रंगीत पुरवणी ज्यांची असेल त्यांचं नाव सुचवा. त्यांच्या कारखान्याला गेल्या महिन्यात सील लागलं असलं, तरी ते मोकळेच असतील, नक्की येतील.