फोन उचलू नका, कर्ज आपोआप फिटेल

कर्जमुक्त व्हायचं असेल तर सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: आपलं एकूण देणं किती, हे कधीही मोजू नका. कार्डाचे इतके, बँकेचे इतके, मेव्हण्याचे इतके असं एका कागदावर उतरवलं की खाली बेरीज येते, आणि एकदा आलेली बेरीज काही केल्या विसरता येत नाही. त्यापेक्षा येणारी पत्रं न फोडता खणात टाकावीत. बंद पाकिटातलं व्याज वाढत नाही, अशी श्रद्धा ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता फोन. अनोळखी नंबर दिसला की मोबाईल पालथा घाला. तो थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकेल, सरकू द्या. चुकून उचललाच गेला तर आवाज बदलून "ते बाहेर गेलेत" म्हणा. पलीकडून "कधी येतील?" असं विचारलं तर "महिनाअखेरीला" हे उत्तर तयार ठेवा. दर महिन्याला अखेर असतेच. नोकरी गेलीय, दोन-तीन महिने सवलत द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवा, असं आपण होऊन सांगणारी काही माणसं असतात. सावकारालाही बुडीत खात्यापेक्षा उशिरा येणारा हप्ता परवडतो, त्यामुळे अशांचं बरेचदा जमूनही जातं. पण त्यासाठी खरं बोलावं लागतं, आणि तेही खातं थकण्याआधी. एवढी घाई कशाला?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक दयाळू आकडा छापलेला असतो. तेवढाच भरा. समजा महिन्याला तीन टक्के व्याज आहे आणि किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के. तुमच्या 100 चे 103 होतात, तुम्ही 5.15 भरता, उरतात 97.85. म्हणजे पाच टक्के भरल्याचं समाधान, आणि कर्ज हललं जेमतेम दोन टक्क्यांनी. या वेगाने, मध्ये एक पैशाचीही नवी खरेदी न करता, कर्ज निम्म्यावर यायला सुमारे 32 महिने लागतात. दहा टक्क्यांवर यायला जवळजवळ नऊ वर्षं. काहीच भरलं नाही तर मात्र 24 महिन्यांत दुप्पट, शिवाय दंड वेगळा. नऊ वर्षं टिकणारं नातं आजकाल कुठे पाहायला मिळतं!

कुणाचं आधी फेडायचं यावर हिशोबी लोकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, सर्वांत जास्त व्याजाचं आधी, कारण त्यात पैसा वाचतो. दुसरा म्हणतो, सर्वांत लहान आधी, कारण एक खातं संपलं की हुरूप येतो. तुम्ही तिसरा मार्ग धरा: जो जास्त आरडाओरडा करतो त्याचं आधी. मेव्हणा संकोची आहे, त्याचं राहू द्या.

या कार्डाचं त्या कार्डावर फिरवणं चालूच ठेवा. कमी व्याजाचं कर्ज काढून महागडं फेडणारे लोक जुनं कार्ड लगेच बंद करतात, हा निव्वळ कोतेपणा. रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरायला फार तर दोन-चार शनिवार-रविवार लागतात.

कधी वसुलीवालाच म्हणेल, "साठ टक्के भरा, विषय संपवू." लगेच भरा, पण लेखी काही मागू नका, समोरचा दुखावेल. तडजोडीने मिटवलेलं खातं आणि पूर्ण फेडलेलं खातं यांची नोंद पत-अहवालात वेगवेगळी होते, असल्या बारकाव्यांत तर शिरूच नका. आणि 'आम्ही तुमचं कर्ज मिटवून देतो, आधी आमची फी भरा' म्हणणारा भेटला तर त्याची फी नव्या कर्जातून द्या.

एवढं करूनही फिटलं नाही, तर सरसकट माफीची वाट बघा. तसं घडलेलं आहे. अथेन्समध्ये इ.स.पू. 594 च्या सुमारास सोलोन नावाच्या कायदेकर्त्याने कर्जं रद्द केली आणि कर्जापोटी माणूस गहाण ठेवणं बंद केलं. प्राचीन ग्रीक लेखक असंही सांगतात, की या निर्णयाची कुणकुण सोलोनच्या काही मित्रांना आधीच लागली होती. त्यांनी भराभर मोठाली कर्जं काढून जमिनी घेऊन टाकल्या. तेव्हा हप्त्यांचं राहू द्या, आधी ओळखी वाढवा.