पापण्यांना घरचं सीरम लावायच्या आधी एवढं वाचा ग पोरींनो

मागच्या उन्हाळ्यात लातूरहून भाचीचा फोन आला. "आत्या, डोळाच उघडंना गेलाय." नीट परीक्षेच्या तयारीसाठी ती तिथं हॉस्टेलवर राहते. मी परभणीहून मिळेल त्या गाडीनं गेले. दोन्ही डोळ्यांच्या कडा लाल, सुजलेल्या, पापण्या पिवळ्या चिकट खपल्यांनी एकमेकींना चिकटलेल्या आणि उजव्या डोळ्यावर टपोरी रांजणवाडी. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोळ्याला काय लावता?" पोरगी गप्प.

खोलीवर आल्यावर तिनं खिडकीतली बाटली दाखवली. कोरफडीचा गर, खोबरेल, एरंडेल आणि व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल, सगळं मिक्सरमधून फिरवलेलं. रीलवर बघून चौघी मैत्रिणींनी मिळून केलेलं. ब्रश एकच, कुणाच्या तरी जुन्या मस्काऱ्याचा, धुऊन घेतलेला. चौघी तोच वापरायच्या. दीड महिना, आणि तोही एप्रिल-मे मधला, जेव्हा आपल्याकडं बंद खोलीतलं दूध दुपारपर्यंत नासतं.

मी तिला रागावले नाही. मला राग आला तो अर्धवट कृती सांगणाऱ्यांचा. घरी करूच नका असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात तीन पिढ्या डोळ्यांना एरंडेल लावत आल्यात. पण आज्जी ते कसं करायची, हे या रीलमध्ये कुठंच नाही.

आज्जीचं माहेर वसमतकडचं. तिकडं हळदीच्या वावरात सावलीला एरंड लावायची पद्धत आहे. त्याच्या बिया वाळवून ती घरीच तेल काढायची. बिया भाजायच्या, उखळात कुटायच्या, मोठ्या पातेल्यात पाण्यात घालून चांगल्या उकळू द्यायच्या. तेल वर तरंगायला लागलं की पळीनं अलगद काढून घ्यायचं. आम्हा पोरींना वाटायचं, झालं. पण तिचं खरं काम इथून सुरू व्हायचं. ते तेल परत मंद आचेवर ठेवायची आणि त्याची तडतड पूर्ण थांबेपर्यंत चुलीपुढून हलायची नाही. म्हणायची, "पाण्याचा थेंब जरी ऱ्हायला ना माय, तर तेल बिघडतंय." बरणी उन्हात कडक वाळवलेली. ओला हात लावला की पाठीत धपाटा.

सगळं मर्म त्या तडतडीत आहे. जंतूंना, बुरशीला वाढायला पाणी लागतं. निव्वळ तेलात ती वाढत नाहीत. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. तो तेलात फेटला की त्यातला ओलावा, त्यातलीच साखर आणि बाहेर ऊन, म्हणजे जंतूंना पाळणाच. दुकानातल्या कोरफड जेलमध्ये ते टिकवणारी रसायनं घातलेली असतात, आपल्या मिक्सरमधल्या गरात नसतात. शिवाय पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो, तो कातडीला झोंबतो, मग पापणीच्या पातळ कातडीचं काय होत असेल बघा. व्हिटॅमिन ई सुद्धा काही जणींच्या कातडीला सोसत नाही, पुरळ उठतं. आणि चौघींत एक ब्रश हे तर काहीही बनवलं असतं तरी चुकीचंच होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. हे वाचून कुणी बांधावरच्या कच्च्या बिया आणून मिक्सरला लावू नका. एरंडीच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं, आणि चांगल्या उष्णतेनं मोडतं. आज्जीच्या भाजण्या-उकळण्यामागं हे होतं, तिला ते नाव ठाऊक नसेना का. आता एवढा खटाटोप नको. मेडिकलवर शुद्ध एरंडेलाची छोटी बाटली मिळते, तीच घ्या. वास, रंग घातलेलं केसांचं तेल नको.

आता मुख्य प्रश्न, पापण्या वाढतात का? मला विचाराल तर वाढतात असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. पापणीचा केस जेमतेम महिना-दीड महिना वाढतो, मग थांबतो, काही महिने तसाच राहतो आणि गळून पडतो. त्या जागी नवा येतो. रोज एक-दोन पापण्या गळणं अगदी साहजिक आहे. त्यामुळं दोन महिने काहीही लावलं तरी गळलेल्या जागी नव्या येणारच, आणि श्रेय तेलाला जाणार. शिवाय तेलानं केस काळेभोर, जाड दिसतात. फोटोत तेवढं पुरतं. एरंडेलानं पापण्या लांब होतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

मग लावायचं कशाला? कारण दुसरा फायदा आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी पापण्यांच्या कडा सुजण्याचा त्रास असलेल्या २६ जणांवर एक प्रयोग केला. एका डोळ्याच्या पापणीला दिवसातून दोनदा एरंडेल, दुसऱ्या डोळ्याला काहीच नाही, असं चार आठवडे. तेल लावलेल्या बाजूचा त्रास कमी झाला, पापण्यांच्या मुळाशी साचणारा कोंडा घटला. प्रयोग लहानच आहे, पण आज्जी "कडा मऊ ऱ्हातेत" म्हणायची, ते मला त्यात दिसलं.

खरोखर पापण्या वाढवणारं एक औषध आहे. बिमॅटोप्रोस्ट. ते मुळात काचबिंदूचे थेंब. रुग्णांच्या पापण्या वाढलेल्या दिसल्या आणि २००८ मध्ये अमेरिकेत पापण्यांसाठी म्हणून त्याला मान्यता मिळाली. पण त्यानं पापणीची कातडी काळवंडू शकते, डोळ्याच्या बुबुळाचा रंग कायमचा बदलू शकतो, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसू शकतात. ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे. घरात आजोबांचे काचबिंदूचे थेंब आहेत म्हणून काडीवर घेऊन लावणाऱ्या मुली आहेत असं कळलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

आणि लांब पापण्यांचा एवढा ध्यास का ग? पापणी असते धुळीसाठी. सोयाबीनची रास करताना मळणीयंत्रापुढं उभं राहिलेल्या बाईला विचारा. अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठातल्या संशोधकांनी २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या आणि हवेच्या बोगद्यात नकली डोळा ठेवून तपासलं, ते २०१५ मध्ये छापून आलं. पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते, आणि तेवढ्याच लांबीला डोळ्यावर येणारा वारा आणि धूळ सगळ्यात कमी होते. त्याहून लांब झाली की ती वारा अडवायच्या ऐवजी डोळ्याकडं वळवते. आपल्या वाऱ्या-धुळीच्या मुलखात देवानं दिलेली लांबी बरोबर बसलेली आहे. "माझ्या पापण्या विरळ आहेत" म्हणून रडणाऱ्या भाचीला मी हेच सांगितलं. ती विज्ञानाची पोरगी, तिला ते पटलं.

मात्र पापण्या एकाएकी, झुपक्यानं गळायला लागल्या तर तेल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडं जा. थायरॉईडमुळंही असं होतं. लहान बाळांच्या डोळ्यांत तर काहीच घालू नका, काजळ सुद्धा नाही. सुरम्यात शिसं निघतं हे तर अनेकदा तपासून झालंय.

आमची पद्धत सांगते. काचेची छोटी बाटली उकळून, उन्हात दोन दिवस उपडी ठेवून वाळवायची. त्यात फक्त एरंडेल, दुसरं काही नाही, तेही दोन-तीन चमचेच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस थांबायचं. लाल झालं, खाजलं तर विषय संपला. रात्री तोंड धुऊन, लेन्स लावत असाल तर काढून, कापसाच्या नव्या काडीला तेल लावून ती निथळून घ्यायची. डोळा मिटून केसांच्या मध्यापासून टोकाकडं एकदाच फिरवायची. मुळाशी, ओल्या कडेवर नको. डोळ्यात तेल गेलं की थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून झोपायच्या वेळीच लावा. काडी लगेच फेकून द्या, परत बाटलीत बुडवू नका. सकाळी कोमट पाण्यानं पुसा. मस्कारा तीन महिन्यांनी टाकावा असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, आम्ही तेलालाही तोच नियम लावलाय.

भाचीचे डोळे डॉक्टरांच्या मलमानं आणि रोज गरम पाण्याच्या शेकानं बरे झाले. तोवर सगळं लावणं बंद होतं. दिवाळीत घरी आली तेव्हा स्वतःच म्हणाली, "आत्या, आता आज्जीवालं करू." आम्ही दोघींनी बाटल्या उकळल्या, गच्चीवर वाळवल्या. जाताना ती चार बाटल्या घेऊन गेली, प्रत्येकीवर पट्टी चिकटवून एकेका मैत्रिणीचं नाव आणि तारीख.