‘साध्या कामाला साडेतीन तास’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी दुकान उघडायच्या आधी परत वाचला. तुम्ही लिहिलंय की भिंतीवर टीव्ही लावून साउंडबार जोडायच्या साध्या कामाला आमच्या माणसाने साडेतीन तास लावले, तो नवखा वाटला, नवीन केबल गळ्यात मारायला बघत होता, आणि एवढं करून रात्री सेट-टॉप बॉक्स लावला तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. फोन केला तर उचलला नाही.

आधी चूक कबूल करतो. आवाज मागे पडत होता ही आमची चूक आहे. फोन उचलला नाही हीसुद्धा आमचीच. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने आवाज टीव्हीतल्या अ‍ॅपवर तपासला, तिथे तो बरोबर होता. सेट-टॉप बॉक्सवर तपासायचा राहिला. बॉक्समधून आवाज डॉल्बी नावाच्या पद्धतीने दाबून, बांधून येत होता, टीव्ही तो पुढे पाठवत होता आणि साउंडबार उलगडत होता. या सगळ्यात आवाज मागे पडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः आलो, बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर, म्हणजे न बांधलेल्या साध्या आवाजावर केला आणि पाच मिनिटांत काम झालं, हे तुम्ही पाहिलंत. तुम्ही उगाच तक्रार करत नव्हता. आवाज साधारण 125 मिलिसेकंद मागे राहिला की माणसाच्या लक्षात येतो, आणि तो ओठांच्या पुढे गेला तर 45 मिलिसेकंदही पुरतात, असं टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतच दिलेलं आहे. तुमच्याकडचा उशीर तर मला दारातूनच कळला.

सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, हेही तुमचं बरोबर आहे. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि टीव्ही दोन चित्रांच्या मधे आणखी चित्रं स्वतःच तयार करून घुसडतो. कंपनीकडून ते चालू करूनच येतं. मी ते बंद करून दिलंय.

पण मॅडम, ‘साध्या कामाला साडेतीन तास’ हे वाक्य माझ्या मनाला फार लागलं. ते वाचून लोक समजतील की आमचा माणूस बसून वेळ काढत होता. म्हणून त्या साडेतीन तासांचा हिशोब मी इथे देतोच.

आमचा मुलगा 4 ऐवजी 4:10 ला आला, ती दहा मिनिटं आमची. 65 इंची टीव्ही भिंतीवर चढवायला आणि साउंडबार खाली बसवायला त्याला 50 मिनिटं लागली. त्यात आधी टीव्हीच्या जागेवरचं सामान हलवणं आलं, ते त्याने एकट्याने केलं. एवढ्या टीव्हीचं ब्रॅकेट पातळीत बसलंच पाहिजे. अर्धा सेंटीमीटर तिरकं गेलं तरी समोर बसणाऱ्याला ते रोज दिसतं. टीव्ही सरळ बसला नाही, असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

5 वाजता टीव्ही चालू केला, तर त्याने लगेच अपडेट मागितलं. नवीन टीव्ही खोक्यातून निघतो तो कारखान्यातलं जुनं सॉफ्टवेअर घेऊनच. अपडेट चालू असताना मधे वीज काढली तर टीव्ही कायमचा बंद पडू शकतो, त्यामुळे कोणताही शहाणा माणूस तेव्हा हात लावत नाही. तुमचा राउटर आतल्या खोलीत आहे, मधे दोन भिंती, आणि टीव्ही वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ या हळू पट्ट्यावर कसाबसा धरून होता. 45 मिनिटं गेली. तुम्ही म्हणाल, तेवढ्यात साउंडबार जोडायचा होता. त्याच्या तारा त्याने तेव्हाच ओढून ठेवल्या, पण पुढची सगळी जोडणी टीव्हीच्या मेनूतून होते आणि मेनू अपडेट संपल्याशिवाय उघडत नाही.

मग टीव्हीतल्या अ‍ॅपची खाती. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तुम्ही वेळेचा विषय चारचौघांत काढला म्हणून लिहावं लागतंय. पासवर्ड आठवत नव्हता, आणि ओटीपी ज्या फोनवर येणार तो घरातल्या ज्यांच्याकडे होता ते बाहेर होते. 35 मिनिटं तो मुलगा रिमोट हातात धरून उभा होता. बसा म्हणालात, पाणी दिलंत, ते त्याने मला आवर्जून सांगितलं. पण ती 35 मिनिटं त्याच्या कामाची नव्हती.

सगळ्यात जास्त वाईट केबलचं वाटलं, कारण तिथे तुम्ही आमच्या हेतूवरच शंका घेतली. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत जी एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी तार) जाते ती फर्निचर करताना भिंतीच्या पॅनेलमागे बुजवलेली आहे, साधारण 12 मीटर लांब आणि बरीच जुनी. तुमचा नवा बॉक्स 4के चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवतो. एका चित्रात जवळपास 83 लाख ठिपके. पूर्ण रंगात एवढं न्यायला केबलमधून सेकंदाला 18 गिगाबिट जावे लागतात. 2009 सालचं एचडीएमआय 1.4, म्हणजे त्याची जुनी आवृत्ती, फक्त 10.2 गिगाबिटचं होतं, आणि लांबी वाढली की साध्या तांब्याच्या तारेत सिग्नल आणखी ढासळतो. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी चित्र काळं होत होतं. दोष टीव्हीत आहे, बॉक्समध्ये आहे की तारेत, हे बाहेरून दिसत नाही. एकेक वस्तू बदलून बघावी लागते. मुलाने स्वतःच्या पिशवीतली छोटी केबल लावून दाखवली, चित्र स्थिर राहिलं. नवी केबल टाकायची तर पॅनेल उघडावं लागेल, हे त्याने सांगितलं. तुम्ही नको म्हणालात, ते साहजिक आहे, एवढं सुंदर पॅनेल मीही उघडू दिलं नसतं. मग त्याने बॉक्सचं चित्र 4के वरून कमी ठिपक्यांच्या 1080 वर आणलं आणि जुन्याच केबलवर चालवून दिलं. यात 50 मिनिटं गेली. केबल विकली नाही. बिल पुन्हा काढून बघा, त्यात केबल नाही. विकायचीच असती तर चित्र तसंच काळं होत ठेवून तो निघून आला असता आणि तुम्हीच आम्हाला बोलावलं असतं.

उरलेली 30 मिनिटं साउंडबारची. टीव्हीला एचडीएमआयची चार भोकं दिसतात, पण आवाज उलटा साउंडबारकडे पाठवणारं एकच असतं. त्यावर बारीक अक्षरात एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं. तुमच्याकडे त्या भोकात आधीच गेमचं मशीन लावलेलं होतं. ते काढून दुसरीकडे लावलं, मेनूत सीईसी (जोडलेल्या वस्तूंनी एकमेकींचं ऐकायची सोय) चालू केलं, तेव्हा एका रिमोटने दोन्हींचा आवाज कमी-जास्त व्हायला लागला. तुमच्या आईंना त्याने तो रिमोट दोनदा समजावून दिला. 7:40 ला तो निघाला. पाचही आकडे मांडून बघा, 210 मिनिटं होतात.

मी हे काम काचेच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीपासून करतोय. 29 इंची टीव्ही दोघांनी मिळून जिना चढवायचो. तेव्हा लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिना, रंगाला रंग जुळवला की संपलं. दहा मिनिटांत माणूस बाहेर. चित्र आणि आवाज सोबतच यायचे, मागे-पुढे व्हायला मधे काही नव्हतंच. आता खोक्यावर लिहितात ‘लावा आणि बघा’, आणि लागणारा वेळ लावणाऱ्याच्या नावावर जातो. ग्राहकाची यात चूक आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही, आणि ते आम्ही सांगायला हवं होतं.

त्या मुलाला तुम्ही नवखा म्हणालात. तो सहा वर्षं माझ्याकडे आहे. तुमचा रिव्ह्यू त्यानेही वाचला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या कामावर त्याने ग्राहकाला विचारलं की वेळ लिहून ठेवू का, सही कराल का. मला ते ऐकून कसंतरी झालं.

आमचं दुकान तीन माणसांचं आहे. जाहिरात आम्हाला परवडत नाही, लोक हेच स्टार बघून फोन करतात. या आठवड्यात ठरलेली दोन कामं रद्द झाली. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी ते तुमच्यावर ढकलत नाही, पण विचार डोक्यात येतोच. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. फक्त वेळेचं ते वाक्य एकदा पुन्हा वाचावं, एवढी विनंती आहे.

आमच्याकडून यापुढे किती वेळ लागेल याचा अंदाज आधी देऊ, पासवर्ड आणि ओटीपीचा फोन तयार ठेवायलाही सांगू, निघण्यापूर्वी जोडलेली प्रत्येक वस्तू चालवून बघू. रात्रीच्या फोनचंही काहीतरी करतोय.

पॅनेल कधी उघडायचं ठरलं तर कळवा, केबल ओढायची मजुरी घेणार नाही. आणि तुमच्या टीव्हीच्या खालच्या पायांचे चार स्क्रू चुकून मुलाच्या पिशवीत आले आहेत. ते पाकिटात घालून, वर तुमचं नाव लिहून ठेवलेत. उद्या त्याच बाजूला काम आहे, तेव्हा तोच आणून देईल.