तोंड लावायचं नाही

माउथ ऑर्गनला तोंड लावायचं नाही, असा नियम असलेल्या दुकानातून मी माउथ ऑर्गन विकत घेतला. दुकान मुंबईतलंच. नाव लिहीत नाही, कारण पुन्हा तिथेच जावं लागणार आहे.

नियमामागचं कारण मला पटतं, हे आधीच सांगून टाकतो. कुणा तिऱ्हाइताने चाखलेला माउथ ऑर्गन मीही घेतला नसता. म्हणून दुकानात एक छोटा हातभाता ठेवलेला असतो. माउथ ऑर्गन त्यावर धरायचा, दाबला की फुंकल्याचे सूर, सोडला की ओढल्याचे. काउंटरवरच्या मुलाने एकेक भोक असं पँ-पूँ करून दाखवलं आणि ‘ओके आहे सर’ म्हणून डबी बंद केली. पण भाता सगळ्या भोकांत तेवढीच मवाळ हवा सोडतो. त्याला दम लागत नाही, त्याचा उत्साह वाढत नाही. मी फुंकणार ते माझ्या छातीने. पण तोंड लावलं की पैसे द्यायचे, आणि पैसे दिले की परत नाही.

निवडीचा घोळ वेगळाच. ‘चांगल्यातला द्या’ म्हटलं की ‘कुठला?’ विचारतात. लहानपणी वाढदिवसाला मिळायचा तो लांबडा बहुतेक ट्रेमोलो. त्यात दर सुराला दोन पत्त्या (हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या) असतात, एकमेकींपासून किंचित बेसूर लावलेल्या, म्हणून सूर थरथरतो. दुसरा क्रोमॅटिक. साधारण बारा भोकं आणि कडेला एक बटण. ते दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्याने चढतो, म्हणजे कोमल-तीव्र सगळे हजर. आपली गाणी खरी यावरच वाजतात, पण चांगला क्रोमॅटिक म्हणजे सोसायटीचा तीन-चार महिन्यांचा मेंटेनन्स. उरला डायटॉनिक. दहा भोकं, वीस पत्त्या, खिशात मावतो. पांढरी एक या पट्टीचा घेतला तर मधलं सप्तक पूर्ण मिळतं. खालच्या सप्तकात मात्र म आणि ध नाहीत, वरच्यात नी नाही. मला वाटलं हा पीस सदोष आहे. तसं नाही, रचनाच तशी. खाली नुसतं फुंकलं-ओढलं तरी कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणारे सूर, लागावी म्हणून जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात ते सूर गाळले, आणि त्यांची गाणी त्यात भागत असावीत.

लाकडाचा सांगाडा घ्यायचा मोह झाला होता. होनरचा ‘मरीन बँड’ १८९६ पासून पेअरच्या लाकडावर बनतो, आणि त्याच्या आवाजाची तारीफ करणारे फार. पण आमच्या घरात पावसाळ्यात बाथरूमचा दरवाजा लाथ मारल्याशिवाय लागत नाही. लाळ आणि आषाढ दोन्ही पिऊन तो सांगाडा किती फुगेल या विचाराने प्लास्टिकचा घेतला. कंपनी दुसरी, तिचंही नाव राहू दे.

माउथ ऑर्गन घेतल्याचं कळताच घरी, ऑफिसात, लिफ्टमध्ये एकच प्रश्न आला. ‘शोलेवालं येतं का?’ १९७५ साली तो तुकडा वाजवला भानू गुप्तांनी, पडद्यावर ओठ हलवले अमिताभने, आणि निस्तरतोय मी.

तर, पाचवं भोक ओढताना बोलेना. पाच ओढ म्हणजे मधला म. हळूच, चोरून ओढला तर बोलतो. जरा जीव लावून ओढला की घास अडकल्यासारखा गप्प. खालचा म जर्मनांनी दिलेलाच नाही, मधला मुका, राहिला वरचा. तो लावला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा उठतो.

पुन्हा दुकान.

‘म बोलत नाही,’ मी सांगितलं.

‘भात्यावर तर बोलत होता सर.’

‘मग परत भात्यावर लावून बघा.’

मुलाने माउथ ऑर्गनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘आता कसा लावू सर? तोंड लागलंय त्याला. भात्यावर आम्ही नवे पीस चेक करतो.’

म्हणजे नवा होता तेव्हा मी वाजवायचा नाही, आणि मी वाजवला म्हणून आता त्यांनी वाजवायचा नाही. यावर काय बोलावं या विचारात असताना कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, ‘राष्ट्रगीत वाजवा.’

पांढरा हाफ शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, हातात दुकानाचा कटिंग चहा. पेटी दुरुस्तीला टाकून आठवडा होऊन गेलेला, आणि ती मिळेपर्यंत हलायचं नाही अशा बेताने बसलेले काका.

‘कशाला?’ मी विचारलं.

‘तुमचा म अडलाय ना? मग “जन-गण-मन-अधिनायक जय हे”. सा रे ग, मग ग-ग-ग-ग, आणि शेवटच्या “हे”वर म. सरळ चाल, लपायला जागा नाही. ह्या पोराला कळू दे काय अडतंय ते.’

सूचना संगीतदृष्ट्या निर्दोष होती. मी वाजवायला लागलो. ‘जन-गण-मन’ होतंय तोवर दारातला वॉचमन ताठ झाला. युकुलेले बघायला आलेली एक आई मुलाचा खांदा दाबून उभी राहिली. बिलबुक हातात धरून मालक उठले. काउंटरवरचा मुलगा आधीपासून उभाच होता, तो आणखी उभा राहिला. काकांनी चहा खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. मी ‘जय’पर्यंत आलो, दमदार ओढलं, आणि ‘हे’ आलंच नाही.

शांतता. कोणी बसेना.

मी म्हणालो, ‘बघितलंत? हाच म.’

काका ओठ न हलवता म्हणाले, ‘पुरं करा.’

‘अहो, लागत नाहीये.’

‘ते नंतर बघू. सुरू केलंय ना? अर्धवट ठेवायचं नसतं. वॉचमन उभा आहे.’

वॉचमन खरंच उभा होता, समोरच्या भिंतीवरच्या गिटारींकडे नजर लावून. राष्ट्रगीताला अधिकृत वेळ ५२ सेकंद आहे. माझं किती चाललं मला ठाऊक नाही, कारण म आला की तिथे जागा सोडून पुढचा सूर शोधायचा, असं लंगडत मी पंजाब-सिंधपासून बंगपर्यंतची सगळी भौगोलिक सफर केली. प्रत्येक गाळलेल्या ‘म’ला काका स्वतः बारीक ‘मऽ’ म्हणत होते. शेवटच्या ‘जय हे’ला युकुलेलेवालं पोरगंही त्यांच्यात सामील झालं.

सगळे बसल्यावर काउंटरवरचा मुलगा मनापासून म्हणाला, ‘सर, बाकी सगळं तर वाजलं.’

‘बाकी म्हणजे?’

‘वीसमधल्या एकोणीस पत्त्या ओके आहेत.’

‘वॉरंटी आहे ना याला?’

‘आहे ना सर. पत्त्यांना नाही. बॉडीला.’

बॉडी म्हणजे बाहेरची पत्र्याची दोन झाकणं. ती वाजत नाहीत, हे मालकांनीही मान्य केलं.

एव्हाना काका काउंटरला टेकले होते. ‘स्क्रू-ड्रायव्हर दे रे बारीक.’ मुलगा म्हणाला, झाकण उघडलं की वॉरंटी जाते. काका म्हणाले, ‘झाकणाचीच ना? जाऊ दे.’ खालचं झाकण निघालं. ओढायच्या पत्त्या तिथे बाहेरच्या अंगाला दिसतात, डावीकडे लांब, उजवीकडे आखूड होत गेलेल्या. प्रत्येकीचं एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, आणि मोकळं टोक खालच्या फटीपासून केसभर वर उचललेलं हवं. पाचवी जवळजवळ टेकली होती. ‘हे बघा,’ काका म्हणाले, ‘हळू ओढलं तर थरथरते, जोरात ओढलं तर फटीवर बसते आणि हवाच अडवते. बोलणार कशी? आमच्या पेटीच्या सुराचंही हेच. तुमचं हे पेटीचंच पोर आहे, फक्त भाता स्वतःचा लागतो.’

तिथून त्यांनी जी गाडी सोडली ती पेटीवरून थेट आकाशवाणीवर. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) लागत नाहीत, परदेशी वाद्य आहे, अशी कारणं. एकाहत्तरपर्यंत हा वनवास, आणि पुढे सुटला तोही तुकड्या-तुकड्यांनी. ‘तीस वर्षं!’ काका मला म्हणाले, जणू तो निर्णय मी घेतला होता. ‘आणि तुम्ही एका मसाठी रडताय.’ मी म्हटलं, मी रडत नाही, मी पैसे दिलेत. ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पिशवीतून दातकोरणं काढलं, पाचव्या पत्तीखाली घातलं आणि टोक उचललं. माझ्या मते जास्तच. मग मला वाजवायला लावून, डोळे मिटून म्हणाले, ‘सूरही पाव पट्टी उतरलाय. कानस आहे का रे?’

टोकाकडे खरवडलं की पत्ती हलकी होऊन सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हे मी वाचलेलं होतं. आणि एकदा खरवडलेलं पितळ परत चिकटत नाही, हे न वाचताही कळतं. मुलाने तत्परतेने कानस काढली. सगळ्या व्यवहारात दुकानाकडून मला न मागता मिळालेली तेवढी एकच सेवा. मी माउथ ऑर्गन हिसकावून घेतला आणि थँक्यू म्हणालो.

आता म बोलतो. फक्त हवा फार पितो. फट वाढली की पत्ती हाक ऐकायलाच वेळ लावते, निम्मी हवा शेजारून निघून जाते, आणि एक म काढेपर्यंत पुढच्या दोन सुरांचा दम संपतो. मग रात्री डायनिंग टेबलावर झाकण उघडून, टोक नखाने चिमूटभर खाली दाबायचं, वाजवायचं, पुन्हा दाबायचं. बायको म्हणाली, ‘नवीन आणलायस ना?’

तेच तर. चार हजारांच्या आसपासची वस्तू, आणि पत्त्यांची शेवटची लावणी गिऱ्हाइकाने दातकोरण्याने करायची. सराईत लोक ती आपल्या श्वासाप्रमाणे करून घेतात हे मान्य, पण तो त्यांचा शौक झाला. नवशिक्याला निदान सगळे सूर बोलणारा पीस द्या. दुकानात एका माणसाला हे पाच मिनिटांचं काम शिकवलं तर काय बिघडतं? काउंटरमागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावायला माणूस मिळतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरवलेली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. हे मी मालकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘साहेब, पण तुम्ही उघडलात ना?’ काकांनी उघडला म्हटलं, तर म्हणाले, ‘ते आमचे नाहीत.’

काका मात्र मला आपलं मानून बसलेत. निघताना नंबर घेतला होता, काल मेसेज आला. त्यांचं भजनी मंडळ सकाळच्या लोकलमध्ये मधल्या डब्यात असतं, पेटी अजून दुकानातच आहे, तर तोवर सुराला तुम्ही या. मी विचारलं, पट्टी कुठली? काळी दोन.

माझा पांढरी एक. डायटॉनिकचं असं आहे की दर पट्टीला वेगळा घ्यावा लागतो. दुकानात फोन केला. काळी दोनचा स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल, पैसे पूर्ण आगाऊ.